प्लास्टिकखालचा लेथ

ती. ताई,

माणिकचा नमस्कार. मी बरी आहे, गोळ्या वेळेवर घेते. तुझे गुडघे कसे आहेत? भाऊजी बिनसाखरेच्या चहावर अजून रुसतात का?

निवृत्तीला चार वर्षं असताना पोरींना मशीनकाम शिकवायला मी कंपनी सोडली, तेव्हा तू म्हणालीस, "निवृत्त झाल्यावर शिकव की पोरींना!" पण तोवर माझेच हात थरथरायला लागले असते.

इथे खरवईच्या प्रशिक्षण केंद्रात लोखंड कातायचा लेथ नवाकोरा आहे. उद्घाटनापासून प्लास्टिकखाली झाकलेला. काढू म्हटलं की संचालक म्हणतात, "मॅडम, पाहुणे बघायला येतात, ओरखडा नको. फळ्यावर शिकवा ना!" आणि मी फळ्यावर शिकवत राहिले. आपल्या कॉन्व्हेंटात शिवणाच्या सिस्टर आधी सुई हातात द्यायच्या, मग बोलायच्या. आठवतं?

सोमवारी माझी विद्यार्थिनी चंद्री, बारवीकडच्या पाड्यावरची, माझ्याच जुन्या कंपनीत नोकरीच्या चाचणीला गेली. लेथची आकृती तिने सुरेख काढली. मशीन चालू करायला सांगितलं, तर हात कुठे घालावा तेच कळेना. सुपरवायझर सुयोग हसला, "कोणी शिकवलं गं तुला?"

त्या सुयोगला मीच शिकवलं होतं, ताई, हात धरून.

चंद्रीने माझं नाव सांगितलं. तिला घरी पाठवलं, तरी मला कौतुकाने सांगत होती, "बाई, तुमचा नाव आयकून सायब गपच झालं. वलखतात वाटतं तुमाला."

मी हो म्हटलं.

भाऊजींना नमस्कार, नातवंडांना गोड पापा.

तुझीच,
माणिक