पाचपैकी पाच

मी, आत्माराम विष्णू टिपणीस, वय ६९, निवृत्त इंजिनीअर, मूळ राहणार डोंबिवली, गेली एकोणतीस वर्षे राहणार हॅम्बर्ग, बार्मबेक, तिसरा मजला, लिफ्ट नाही, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत व कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहीत आहे. दडपण आणायला घरात दुसरे कोणी उरलेले नाही. डोके शाबूत असल्याचा पुरावा कोणी मागितल्यास, परवा सुरू केलेल्या मालिकेतला खुनी मी दुसऱ्याच भागात ओळखला, एवढा पुरेसा समजावा.

इथल्या कायद्याप्रमाणे मृत्युपत्र पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत स्वतःच्या हाताने लिहावे लागते, साक्षीदार लागत नाहीत. मला हे पटत नाही. साक्षीदारांशिवाय ते नुसते पत्र. म्हणून आज गुरुवारी लिहून ठेवतो आणि रविवारी दोघांना सहीसाठी बोलावतो.

कलम १. यापूर्वीची सर्व मृत्युपत्रे रद्द, असे लिहायची पद्धत आहे. यापूर्वी मी एकही केलेले नाही. तरीही रद्द.

कलम २. माझ्या मागे मराठी मंडळाने शोकसभा घेऊ नये. मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी अकरा वर्षे दर सोमवारी, पाहिलेल्या चित्रपटांबद्दल माझे मत लिहीत असे. कोणी मागितले नव्हते, हे कबूल. पण मंडळाने ज्या चित्रपटाचा खास खेळ लावला, त्याच्या निर्मात्याला शाल दिली, त्याबद्दल मी "शाल चांगली होती" एवढेच लिहिले, तर अध्यक्ष उज्ज्वल कारखानीस यांनी मला ग्रुपमधून काढले. तो चित्रपट त्यांनीही झोपून काढला होता. मी मागच्याच रांगेत होतो. शोकसभेत ते माझ्याबद्दल चांगले बोलतील, आणि ते खोटे असेल.

कलम ३. दिवाणखान्यातला टीव्ही खालच्या मजल्यावरच्या क्षितिज पाध्ये यास द्यावा. हा सॉफ्टवेअरमधला गुणी माणूस सगळे चित्रपट बसमध्ये, फोनवर, दीडपट वेगाने पाहतो. हे कळल्यावर मी त्याच्याशी आठवडाभर बोललो नव्हतो. त्याने वर्षातून एक तरी चित्रपट बसून, सरळ वेगाने पाहावा, एवढीच अट.

टीव्हीवरून आठवले म्हणून लिहितो. आमच्या घरी नियम होता: मार्क चांगले, तर मुलाला रविवारी माझ्याबरोबर चित्रपट. वेदांगने पहिल्यांदा गणितात १ आणला तेव्हा मी म्हणालो, "एक? एवढा अभ्यास करून एक?" आणि टीव्ही बंद केला. इथे एक म्हणजे अव्वल आणि सहा म्हणजे तळ, हे शेजारणीने दुसऱ्या दिवशी माझ्या पत्नीला, नीलाला, सांगितले. मी मुलाला आइस्क्रीम आणले. चुकलो असे तोंडाने म्हणालो नाही. ती सवय मला नाही.

टीव्हीसमोरची खुर्ची कोणाला देऊ नये. मोडकी आहे. जुने सामान नेणारी गाडी येते तिच्यात टाकावी.

कलम ४. पुढील मंडळींना माझ्याकडून काहीही मिळणार नाही, माझा वेळ त्यांनी आधीच भरपूर नेला आहे.

जिच्यातल्या सुनेची स्मृती तीनदा गेली आणि जिची सासू अंगभर दागिने घालून झोपते, ती मराठी मालिका. नीलाने ती नऊ वर्षे पाहिली. शेवटचा भाग लागायच्या चार महिने आधी नीला गेली. तो भाग मी एकट्याने पाहिला. शेवटी लग्न लागले. गुण शून्य. नऊ वर्षे बाई वाट पाहते, तिला तुम्ही लग्न दाखवता?

जर्मन टीव्हीवरची पोलिसांची मालिका. दोन पोलीस, दोघांनाही हसू वर्ज्य. प्रेत पाण्यात, महिना नोव्हेंबर, आणि ज्याच्या घराला मोठ्या काचा तो खुनी. गुण अडीच. त्यातला अर्धा, ते लोक कॉफी खरोखर पितात म्हणून. आपल्याकडे रिकामे कप तोंडाला लावतात आणि ते दिसते.

साठीच्या नायकाला मुलीच्या वयाची नायिका देऊन तीन तास झेंडा फडकवणारे हिंदी चित्रपट. गुण एक. देशावर माझेही प्रेम आहे, पण माझे कान दुखतात.

दीड तासाची गोष्ट आठ भागांत ताणणाऱ्या वेब सिरीज. शिव्या भरपूर, माणसे कमी. गुण दीड.

कलम ५. कपाटातल्या एकतीस वह्या. प्रत्येक चित्रपटाला अर्धे पान, खाली गुण पाचपैकी. चार मी आयुष्यात दोनदा दिले. पाच एकदाच. या वह्या कोणालाही नको असणार, सबब त्या निळ्या झाकणाच्या, रद्दी कागदाच्या पेटीत टाकाव्यात. स्पायरल आधी काढावी, नाहीतर तळमजल्याच्या बाई चिठ्ठी लावतात.

कलम ६. माझा मुलगा वेदांग, वय ३२, राहणार फ्रँकफर्ट, यास इथला कायदा फ्लिश्टटाइल म्हणून जो सक्तीचा वाटा द्यायला लावतो तेवढाच द्यावा. त्याहून एक चमचाही नाही. म्हातारा चक्रम होता असे कोणी म्हणू नये, म्हणून कारण लिहितो.

२०१९ साली वेदांगने बावीस मिनिटांची फिल्म केली. इथल्या आल्टोना भागातल्या एका लहान थिएटरात ती दाखवली. तिच्यात एक बाप आहे. खुर्चीत बसून शेंगदाणे खातो, टीव्ही पाहतो आणि वहीत लिहितो. त्याचा चेहरा दिसत नाही, फक्त मान आणि हात. आत स्वयंपाकघरातून बाई बोलत राहते, तो "हं" म्हणतो. शेवटी तो टीव्ही बंद करतो आणि काळ्या काचेत त्याचा चेहरा दिसतो. संपले.

घरी येऊन मी वहीत लिहिले: "बावीस मिनिटांत एकही मिनिट जास्त नाही. मी असा दिसतो हे मला माहीत नव्हते." खाली गुण, पाच. वेदांगला देवनागरी वाचता येत नाही, म्हणून आकडा मुद्दाम त्याला कळेल असा, त्याच्या शाळेतल्यासारखा काढला.

तो मागे येऊन उभा राहिला. "बाबा, आल्झो, कशी वाटली? एर्लिश सांगा, खरं खरं."

पोराचे तोंडावर कौतुक करायची आमच्या घराण्यात रीत नाही. मी म्हणालो, "वहीत आहे. बघ."

त्याने पाहिले. बराच वेळ पाहिले. "आल्लेस क्लार, समजलं," एवढे म्हणाला, बूट घातले आणि एस-बानची लोकल पकडायला निघून गेला. नीलाने श्रीखंड-पुरी केली होती, ती तशीच राहिली.

त्यानंतर तो माझ्याशी बोललेला नाही. आईला फोन करी. तिने एकदा माझ्यासमोर त्याला समजावले, "अरे, बाबांनी पाच दिलेत, पाच! आणखी काय हवंय तुला?" तर त्याने तिचाही फोन ठेवला. पुढे कॅमेरा विकला आणि बँकेत लागला. ज्याला मी पाच दिले त्याने ते काम सोडून दिले. नीलाच्या अंत्यविधीला आला, माझा हात हातात घेतला आणि म्हणाला, "माइन बायलाइड." म्हणजे, आपल्या दुःखात सहभागी आहे. सख्ख्या बापाला, ऑफिसातल्या माणसाला म्हणावे तसे. हे मी विसरलेलो नाही आणि विसरणार नाही.

कलम ७. सबब हा फ्लॅट माझी ठाण्याची पुतणी अपूर्वा हिला द्यावा. ती दिवाळीला फोन करते आणि मी सुचवलेले चित्रपट पाहिल्याचे खोटे सांगते. निदान तेवढे कष्ट घेते.

पुरवणी, रविवार. हा मजकूर साक्षीदारांसमोर लिहीत आहे. अक्षर वाईट आले आहे, ते माझेच आहे.

स्वानंदी मुळे ही इथल्या शाळेत गणित शिकवते. वाचल्याशिवाय सही करणार नाही म्हणाली, म्हणून तिने सगळे मोठ्याने वाचले. कारखानिसांपाशी हसली. कलम सहापाशी थांबली.

"काका, पाच?"

"पाच. एकतीस वह्यांत एकदाच."

"वेदांग शाळेत इथेच होता ना?"

"बालवाडीपासून."

तिने कागद खाली ठेवला. "काका, माझ्या वर्गात पाच म्हणजे मांगेलहाफ्ट. नापास. तो पेपर घरून सही करून आणावा लागतो. मुलं रडतात हो."

 

मला हे माहीत होते. एकदा त्याचा एक पाहून मी टीव्ही बंद केला होता, मलाच माहीत नसेल तर कोणाला? पण वही मराठी होती आणि मराठीत पाच म्हणजे पाच. वरचे मत त्याला वाचता येत नव्हते. खालचा आकडा तेवढा वाचता आला, आणि तो मी त्याच्यासाठी म्हणून मुद्दाम सुवाच्य काढला होता. त्यावर आईने फोन करून सांगितले, बाबांनी पाच दिलेत, आणखी काय हवंय तुला. ती बिचारी आनंदाने सांगत होती. तो फोन त्याच्या कानाला कसा लागला असेल, हे मी मघापासून ऐकतो आहे. नीलाला हे आता सांगता येणार नाही. मी त्याला कृतघ्न म्हणत बसलो, सहा वर्षे. एक शब्द तोंडाने म्हणालो असतो, "छान", तर हे झाले नसते. दोन अक्षरे.

सबब कलम ६ वर मी स्वतः रेघ मारली आहे. रेघेखालचे वाचता येते, ते येऊ द्यावे. कलम ७ मध्ये अपूर्वाऐवजी वेदांग वाचावे; अपूर्वाला नीलाच्या बांगड्या द्याव्यात. वह्या कागदाच्या पेटीत टाकू नयेत, त्या वेदांगच्या. त्याच्या फिल्मच्या पानावरचा पाच मी खोडलेला नाही, कारण दिलेले गुण मी बदलत नाही. शेजारी १, त्याच्या शाळेतला आइन्स, लिहिला आहे आणि त्याखाली वरच्या दोन वाक्यांचे जर्मन स्वानंदीकडून उतरवून घेतले आहे. खुर्चीही टाकू नये. त्याला नको असेल तर त्याने स्वतः टाकावी.

मृत्युपत्र माणूस मेल्यावर उघडतात. ही पुरवणी त्यास अपवाद आहे. ती आजपासून लागू.

ठिकाण: हॅम्बर्ग. दिनांक: १६ नोव्हेंबर २०२५.

सही: आत्माराम विष्णू टिपणीस

साक्षीदार: क्षितिज पाध्ये. सर्व मजकूर माझ्यासमोर वाचला गेला. अट मान्य.

साक्षीदार: स्वानंदी मुळे. कलम ६ वरची रेघ आणि सही माझ्यासमोर. फोनही माझ्यासमोर लावला. वेदांगने उचलला नाही. काकांनी निरोप ठेवला आणि तो इथे नोंदवायला सांगितला, म्हणून जसाच्या तसा लिहिते: "वेदांग, बाबा बोलतोय. आइन्स. तुझ्या फिल्मला आइन्स आहे. पहिल्या दिवसापासून."