पुदिन्याचे सात थेंब

४ मार्च, सोमवार. सकाळी ७.
हिचं डोकं महिनाभर दुखतंय. कन्या म्हणाली, आईला डॉक्टरकडे न्या. म्हटलं, डॉक्टर घरातच आहे. पुदिन्याच्या तेलाच्या गुणांवर नेटवर चार लेख वाचलेत. (साडेतीन. चौथा फार लांब होता.) संकल्प : तेल घरीच काढायचं.

५ मार्च.
पुदिन्याच्या वीस जुड्या आणल्या. भाजीवालीने विचारलं, घरात कार्य आहे का? म्हटलं, कार्यच हाती घेतलंय.

६ मार्च.
कुकरच्या शिट्टीच्या जागी नळी बसवली, दुसरं टोक बाटलीत. नळी सुटली. पुदिना छताला. ही म्हणाली, डोकं आणखी ठणकायला लागलं. म्हणजे वास पोचला. असर सुरू.

८ मार्च, शुक्रवार.
यश! उरलेला पुदिना, तीन तास, सात थेंब. कन्या म्हणाली, "बाबा, सहाच. एक पाणी आहे." तरुण पिढी फार नकारात्मक.

संध्याकाळी.
हिच्या कपाळाला चार थेंब चोळले. 'पातळ करून लावावे' हे बहुतेक न वाचलेल्या अर्ध्यात असावं. एक ओघळ डोळ्यात गेला. ही किंचाळली. पंधरा मिनिटं नळाखाली. मग विचारलं, डोकं कसं आहे? म्हणाली, "डोळ्याची आग होतेय, डोकं कुठलं आठवतंय!" म्हणजे डोकेदुखी गेली.
डोळा लालभडक. मला जेवण गेलं नाही. हे फक्त इथे लिहितोय.

९ मार्च.
डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. म्हणाल्या, डोळ्याला इजा नाही, पण चष्म्याचा नंबर खूप वाढलाय, डोकं त्यानेच दुखत असणार. बरं झालं आणलंत.
कन्येला म्हटलं, ऐकलंस? तेलामुळे निदान झालं. ती आईचा हात धरून पुढे चालू लागली.

१४ मार्च.
हिचा नवा चष्मा आला.

१६ मार्च, शनिवार. सकाळी ८.
दोन दिवस हिचं डोकं दुखलेलं नाही. श्रेय कुणाचं, यावर मी बोलत नाही.
चहा देताना ही माझ्याकडे एकटक बघत राहिली. वाटलं, कृतज्ञता. मान जरा खाली घातली. तर म्हणते, "अहो, तुमचं कपाळ मानेपर्यंत कधी पोचलं?"

८.१०.
आरशात पाहिलं. डोक्यावर मोठी चकाकी. आरशावर डाग असेल म्हणून पुसला. पुन्हा पाहिलं.
डाग नव्हता.