साधुकाराआधी थांबलेला पाठ

१० जुलै, आषाढ पौर्णिमा

विश्वासघात! अन्य शब्द सुचत नाही.

आज वर्षावासाचा प्रारंभ. माझा कंठ आता टिकत नाही, म्हणून वैशाखात घरीच बसून परित्राणपाठ, म्हणजे रक्षणासाठी म्हणायची सुत्ते, ध्वनिमुद्रित केला. ही बुद्धवचने ओळीने वाजावीत यासाठी माझा शिष्य धम्मपाल याने पायथॉनमध्ये प्रोग्राम लिहिला. आज विहारात तिसऱ्या सुत्तानंतर एकाएकी शांतता. शेवटचा "साधु, साधु, साधु" हा साधुकारही नाही! माणसे हात जोडून तशीच बसलेली. अखेर पुढच्या रांगेतल्या मुक्ताबाई म्हणाल्या, "सर, झालं का? लई लवकर आटोपलं!"

११ जुलै

धम्मपालास फोन केला. "यंत्र बिघडलं का रे?"

"नाय सर. मीच थांबवलंय. कारण नका विचारू."

पिशोर गावाहून शिकायला आलेल्या या मुलाला मी माझ्या ओसरीवर पाली शिकवली. ध्वनिमुद्रणाच्या वेळी तोच समोर बसला होता. "झालं सर, छान झालं," म्हणाला होता! पाठ अर्ध्यावर तोडणे म्हणजे काय, हे त्याला ठाऊक नाही?

१२ जुलै

अप्रमादाचा उपदेश जन्मभर इतरांना केला. शिष्याच्या बाबतीत मीच गाफील राहिलो.

१३ जुलै, रविवार

नात रूपाने विहारातून तो प्रोग्राम, ध्वनिमुद्रणासह, पेन ड्राइव्हवर आणला.

"आजोबा, हा लूप. एक सुत्त म्हणजे एक फेरी. कंटिन्यू म्हटलं की ही फेरी सोडायची, पुढची धरायची. ब्रेक म्हटलं की लूपच सोडायचा, पण त्याच्या खालच्या ओळी चालतात. अन् एक्झिट म्हणजे दुकानच बंद! धम्मपालकाकांनी चौथ्या सुत्ताआधी डायरेक्ट शटर ओढलंय."

साधुकार लूपच्या खाली होता. तिथवर प्रोग्राम पोहोचलाच नाही.

ती हसली. मला हसू आले नाही. म्हणजे अनवधान नव्हे — हे जाणूनबुजून!

"ती ओळ काढ आणि चालव," म्हणालो. तेवढ्यात वीज गेली.

१४ जुलै

ओळ काढली. चौथे सुत्त वाजले. माझाच आवाज. एक गाथा — पुन्हा तीच — पुन्हा तीच. पुढची येतच नाही. मग अगदी सहज स्वरात, "रत्नमाला, चहा ठेवतेस ना?"

पत्नीला जाऊन चार वर्षे झाली. आणि मला यातले काहीच आठवत नाही. पाचव्या सुत्तातही तेच. पुढेही तेच.

रूपा पडद्याकडेच पाहत राहिली.

ती ओळ मीच परत लिहिली. एक्झिट नव्हे — ब्रेक. साधुकार तरी होऊ दे.