टी.डी.चे पाठ, उजवा कान

ता. १३ नोव्हेंबर १९४४, सोमवार
दिवाळीच्या सुट्टीनंतर आज शाळा. मोठ्या बाईंनी ऑफिसात बोलावलं. मी खिडकीकडे पाठ करून बसले, म्हणजे त्यांच्या तोंडावर उजेड.
युनिव्हर्सिटीच्या टी.डी.ला, म्हणजे शिक्षकाच्या पदविकेला, माझं नाव गेलं. आता मार्चपर्यंत मोठ्या बाईंच्या देखरेखीखाली इतिहास व मराठीचे पाठ, मग लेखी पेपर, शेवटी बाहेरच्या परीक्षकांसमोर दोन पाठ. शिवाय उमेदवार शिकवण्यास सुदृढ असल्याचा डॉक्टरचा दाखला. नुसत्या बी.ए.वर जूननंतर ठेवता येणार नाही, म्हणाल्या. निदान मला तसं वाटलं. ओठ 'जून' म्हणाले हे नक्की.
पावसाळ्यात विषमज्वराने केस नेले, ते परत आले. कान नेले ते नाही. डा. कान बंदच. उ. कान रुपयात आठ आणे.

ता. १४, मंगळवार
घरी यांना सांगितलं. हे लष्कराच्या गोदामात कारकून, दिवसभर हमालांवर ओरडायची सवय, म्हणून यांचं मला बरंचसं कळतं.
"कानाचं कुणापाशी बोलू नकोस. एकदा कागद हातात येऊ दे, मग बघू."
"आणि डॉक्टर?"
"डॉक्टर नाडी बघतात, जीभ बघतात. कान कोण बघतं?"
हसले नाहीत. मीही नाही.

ता. २३, गुरुवार
पहिला पाठ. इतिहास, इयत्ता नववी. मो. बाई मागच्या बाकावर. नंतर म्हणाल्या, "फळा चांगला, नकाशा चांगला. पण चुकीचं उत्तर तुम्ही दोनदा 'बरोबर' म्हणून घेतलंत." घाई झाली म्हणाले.
घाई.

ता. १ डिसेंबर, शुक्रवार
भिंगारच्या रस्त्यावर लष्कराचा ट्रक अगदी पदराला घासून गेला. मागून कितीदा भोंगा वाजवला असेल. ड्रायव्हर उतरून तोंडाला येईल ते बोलला. एवढं मात्र सगळं ऐकू आलं. घरी सांगितलं नाही.

ता. ७, गुरुवार
आजचं लिहवत नाही. पण लिहिते.
पाठ नववीवरच, मो. बाई मागे. यमुना बरेच दिवसांनी आली होती. भिंगारचीच मुलगी, बाप एका साहेबाच्या बंगल्यावर माळी. अबोल, पण अक्षर सुरेख. तिला बोलतं करावं म्हणून मीच विचारलं, "यमुना, इतके दिवस कुठं होतीस? मागचा धडा वाचलास का?"
ती उठली. मान खाली. ओठ हलले, थोडेच. मला वाटलं, "वाचला, बाई."
मी म्हणाले, "शाबास. बस."
वर्ग एकदम गोठला. मी पुढं शिकवत राहिले. सगळा पाठ तसाच.
ऑफिसात मो. बाईंनी दार लावलं. माझ्या समोर येऊन उभ्या राहिल्या आणि एकेक शब्द सुटा करून म्हणाल्या, "ती म्हणाली, आई गेली, बाई. कळलं का? आई गेली."
मग म्हणाल्या, "तुम्हाला ऐकू येत नाही."
हे मला विचारत नव्हत्या.

ता. ८
यमुना आली नाही.

ता. १०, रविवार
उपासना आटोपून देवळातून परस्पर यमुनाच्या घरी गेले. हे सोबत येतो म्हणाले, मी नको म्हटलं.
दोन लहान भाऊ उंबऱ्यात, नाकं वाहताहेत. यमुना आत चुलीपाशी, माझ्याकडे पाठ. बाप बाहेर आला, घोंगडी टाकली. मी त्याच्या तोंडासमोर बसले.
"बाई, पोरगी घरी येऊन म्हनली, बाई मला शाबास म्हनल्या. मी म्हनलं, आसं कसं म्हंतील? शिकलेलं मानूस हाय. तूच कायतरी येगळं ऐकलं आसंल."
रागाने बोलला असता तर बरं झालं असतं. तो खरंच विचारात पडला होता.
तेव्हा मी सांगितलं. मला ऐकू येत नाही. तापात कान गेले. ती काय म्हणाली ते मला कळलंच नाही.
नवऱ्याशिवाय कुणापुढं पहिल्यांदाच तोंडाने म्हटलं. मोठ्याने म्हटलं असावं, कारण शेजारची बाई दारात आली. तिला तो ओरडून सांगू लागला, "बाईंला ऐकू येत न्हाई गं! पोरीची चूक न्हाई, न् बाईंचीबी न्हाई!" त्याला केवढं हायसं वाटलं.
यमुनाने मागं वळून पाहिलं नाही. काही बोलली असेल तर मला माहीत नाही.

ता. ११, सोमवार
सकाळी हे तोंड फिरवून दाढी करत होते. मग आरसा खाली ठेवून म्हणाले, "आता सगळ्या भिंगारला कळलं. झालं तुझं टी.डी."
शाळेत मो. बाई: "मला विचारलं तर मी खोटं बोलणार नाही. पण आपण होऊन सांगायलाही जाणार नाही. पाठ चालू ठेवा."

ता. १५ जानेवारी १९४५, सोमवार
पाठ चालू. आता मुली उत्तर देतात तेव्हा मी बाकाशी जाऊन उभी राहते. मो. बाईंचा शेरा: "वर्गात फार फिरता." काही मुली मुद्दाम पुटपुटतात. नुसतेच ओठ हलवतात, आवाज काढतच नाहीत, मग एकमेकींकडे बघतात. दोघीतिघीच आहेत. पण त्या कोण हे ओळखायला मला दर वेळी प्रत्येकीच्या तोंडाकडे बघावं लागतं.
यमुना आठवड्यातून दोन दिवस येते. शेवटचं बाक. मी तिला प्रश्न विचारत नाही.

ता. २ फेब्रुवारी, शुक्रवार
दाखल्यासाठी दवाखान्यात. डॉक्टर आमच्या ख्रिस्ती मंडळीतलेच, लहानपणापासून ओळखतात. नाडी, जीभ, छाती. मग मागं जाऊन उभे राहिले. बराच वेळ. मला कळलं काय चाललंय, पण उत्तर कशाला देऊ?
पुढं आले. डोळे ओले वाटले, चष्म्याची काच असेल.
"तीनदा हाक मारली, पोरी."
"मग काय लिहिणार?"
"जे आहे ते. डावा गेला, उजवा जातोय. शिकवण्यास असमर्थ असं मात्र लिहिणार नाही. ते मला ठरवता येत नाही."
उजवा जातोय. हे मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. मी धरून चालले होते की आठ आणे तरी हातात राहतील.

ता. ३
हे जेवले नाहीत. "त्यांच्या पाया पडली असतीस तर नुसतं सुदृढ लिहिलं असतं," एवढंच. मी म्हणाले, "आणि मग यमुनासारखी दुसरी उठली की?"
यांनी उत्तर दिलं असेल. माझी मान फिरली होती.

ता. २६, सोमवार
युनिव्हर्सिटीकडून परीक्षेला बसण्यास हरकत नाही. पात्रता परीक्षकांनी पाठाच्या वेळी पाहावी. मो. बाईंनी वाचून दाखवायच्या ऐवजी कागदच हातात दिला.

ता. १३ मार्च, मंगळवार
लेखी पेपर झाले. तिथं कान लागत नाही. बालमानसशास्त्र, वर्गव्यवस्था. 'शिक्षकाच्या अंगी कोणते गुण हवेत' यावर पुष्कळ लिहिलं.

ता. २०, मंगळवार
दोन्ही पाठ झाले. मराठीचा बरा.
इतिहासाचा नववीवर. परीक्षक दोघे, एक तरुण, एक म्हातारे, मिश्या तोंडावर आलेल्या. ओठ दिसेनात. मी बाकांतून फिरत होते. तरुण परीक्षक मान डोलवत होते.
शेवटच्या बाकाशी गेले. यमुनाला वगळलं असतं तर साऱ्या वर्गाला कळलं असतं. तिला प्रश्न विचारला. यमुना उठली, तोंड वर केलं, थेट माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "मला येत नाही, बाई."
शब्द न् शब्द कळला.
"बरं. बस."
मग फळ्यावर लिहायला वळले. लिहून वळते तर सगळा वर्ग मागं बघतोय. म्हातारे परीक्षक उभे. काहीतरी विचारून उत्तराची वाट बघत होते, किती वेळ ते देव जाणे. मो. बाईंची मान खाली.
पूर्वीची मी असते तर "होय" म्हटलं असतं. "होय" बहुतेकदा चालतं.
म्हणाले, "मला मागून ऐकू येत नाही, सर. कृपा करून पुढं या."
ते काठी टेकत आले. अगदी जवळ. मिशी बोटाने बाजूला केली आणि म्हणाले, "तास संपला, बाई. घंटा झाली. एवढंच सांगत होतो."

ता. २१
यांना सारं सांगितलं. मग उठून माझ्या उजव्या बाजूला येऊन बसले.

ता. ९ मे, बुधवार
युरोपातली लढाई संपली म्हणून भिंगारला बँड. लोक सांगतात. रस्त्यात उभी राहिले तर छातीत ढोल लागत होता, कानात काही नाही.
निकाल नाही.

ता. ५ जून, मंगळवार
यमुनाच्या बापाला भेटले. शाळा सुटली म्हणे तिची. दहावीत घाला, फीमाफीचं मी बघते म्हटलं.
"बाई, दोन पोरं हायेत तिच्या पाठीव. भाकरी कुनी थापायची? तुमी सांगा."
यमुना हात पुसत बाहेर आली आणि समोर उभी राहून म्हणाली, "बाई, तुमचं झालं का पास?"
"अजून कळलं नाही."
"कळलं की सांगा." आणि आत गेली.

ता. १०, रविवार
उद्या शाळा. काल मो. बाईंनी शिपायाबरोबर निरोप पाठवला, लवकर या. वर्गावर की रजिस्टर परत द्यायला, शिपायाला माहीत नाही. निकाल अजून नाहीच.
आज उपासनेत उभी राहून गीत म्हणत होते. डोळे मिटून, पाठ आहे सगळं. यांनी कोपराला हात लावला. पुन्हा लावला. डोळे उघडले तर मंडळी केव्हाची बसलेली, पाळक पुस्तक उघडून थांबलेले, सगळे माझ्याकडे बघताहेत.
मी एकटीच गात होते.