दार आतून उघडतं

उस्मानपुरा,
रविवार

प्रिय युसरा,

तुझी चिठ्ठी पोचली. मंगळावर राहायच्या तालमीसाठी लडाखच्या डोंगरात बांधलेल्या तुमच्या त्या बंद घराला तुमच्या साहेबांनी खऱ्या मंगळासारखाच उशीर लावून ठेवलाय, एक वाक्य बोललं की उत्तराची वाट बघत बसायचं. म्हणून आपण दोघी पत्रांवर आलो. बरंच झालं म्हणते. फोनवर तू मला बोलूच देत नाहीस.

तू लिहिलंस की स्वच्छ पाण्याची टाकी भरल्याबरोबर तू सवयीनं जुनं पाणी मोरीत ओतून मोकळी झालीस, आणि बाकीचे पाचही जण तुझ्याकडं बघतच राहिले. मी इतकी हसले! नळ आला की शिळं पाणी फेकायचं हे तुला मीच शिकवलं. आठ-आठ दिवसांनी नळ येणाऱ्या गावात चांगलं पाणी फेकून देणारे आपणच शहाणे. पण तुमच्याकडं मोरीतलं पाणीही गाळून परत प्यायला येतं, काहीच वाया जात नाही, हे ऐकून शेजारच्या सारजाबाईंनी नाकाला पदर लावला. "असलं पानी पिती व्हय पोरगी? त्याच्यापरीस आपला टँकर लई बरा." तुझे अब्बू त्यांच्याशी किती तरी वेळ वाद घालत होते.

अब्बूंचं तुला माहीतच आहे. वाळूजच्या कंपनीतली नोकरी संपल्यापासून क्रांती चौकातलं हॉटेल, चहा आणि मंगळ. कोणी नुसतं म्हणायचा अवकाश, "मुख्तारभाई, तिथं माणूस टिकत नाय," की हे सुरू. पाणी जमलं, हवा जमतेय, बटाटे उगवले; आता सहा माणसं वर्षभर दार न उघडता राहिली की निम्मं काम झालंच समजा. "मेरी बेटी रहके दिखाती, देखो." मला मात्र तुझ्या बटाट्यांचं कौतुक आणि त्या दाराची धास्ती.

निघताना मी तुला विचारलं होतं, उद्या खरोखर मंगळावर गेलीस आणि इकडं घरी काही झालं तर? तू चिडलीस. म्हणालीस, अम्मी, तिथून यायला महिनोन्महिने लागतील, माणसाला ते झेपतं का हेच तर आधी इथं बघायचंय. तुझं उत्तर खरं होतं आणि मला ते अजिबात आवडलं नव्हतं.

बाकी घरी सगळं ठीक. नाही, हे नको लिहायला. गेल्या बुधवारी नळ येऊन गेला आणि आपल्या घरात पाणी भरायला कोणीच नव्हतं. याचा अर्थ तुला वेगळा सांगायला नको. तुझ्या जन्माच्या वेळीसुद्धा मी आधी ड्रम भरले आणि मग दवाखान्यात गेले. या वेळी सारजाबाईंनी त्यांच्या नळीनं दोन ड्रम भरून ठेवलेत. त्या ड्रमांशेजारचं आधीचं शिळं पाणी तसंच आहे, फेकायला हात धजत नाही.

मंगळवारी चौकातच अब्बूंच्या छातीत कळ आली. तीन ब्लॉकेज निघाले. येत्या शुक्रवारी बायपास आहे, आणि साखर बघता डॉक्टर खात्री द्यायला तयार नाहीत. पोरीला कळवायचं नाही, तिची मेहनत मातीत जाईल, अशी अब्बूंनी मला कसम घातली. तरी मी तुमच्या ऑफिसला कळवलं, तर तिथून फोन आला. ते म्हणाले, कळवायचा हक्क तुमचा आहे, पण ती बाहेर पडली तर सहाही जणांचा प्रयोग तिथंच संपेल, विचार करून लिहा. तेव्हापासून दुसरं काय करतेय मी? त्या पाच जणांच्या आयांची मी हात जोडून माफी मागते. काल अब्बू गुंगीत तुझं नाव घेऊन विचारत होते, "दरवाजा खुला क्या?" शुद्धीवर आल्यावर म्हणाले, मी काही बोललोच नाही. तू खरंच मंगळावर असतीस तर मी हे पत्र फाडून टाकलं असतं. पण तू लडाखला आहेस बेटा, आणि ते दार आतून उघडतं. मी कसम मोडलीय. तू ये.

तुझीच,
अम्मी