सलमाची रायफल

दार्सैत, ओमान, शुक्रवार, १६ जानेवारी २०१५

आज सलमाशी खोटं बोलले. म्हणजे खोटं नाही, पण अर्धंच खरं.

ऑफिसातली ही माझी ओमानी मैत्रीण स्पर्धेसाठी पहिली रायफल घेतेय. कोल्हापुरात कॉलेजात असताना मी नेमबाजी करायचे, म्हणून पारख करायला रेंजवर मला घेऊन गेली. रायफल मध्यम किमतीची, प्रत्येक गोळीनंतर बोल्ट हाताने ओढायची. बोल्ट अलगद सरकत होता, ट्रिगरही छान. मी पाच गोळ्या झाडल्या. पाचही भोकं बाटलीच्या झाकणाखाली मावतील इतकी जवळ! दस्त्यावर गाल टेकला आणि मधली बारा वर्षं गेलीच कुठे?

सलमाचा गाल मात्र टेकेना. रायफलवरच्या दुर्बिणीतून बघायला तिला मान उचलावी लागत होती.

"तुला नाही जमायची ही," मी म्हटलं. तिने रायफल परत दिली.

गालाखाली दस्त्याला बांधायची उशी मिळते. तेवढ्याने भागतं. मला माहीत होतं. मग बोलले का नाही? रायफल मलाच हवीशी झाली म्हणून? इथे परदेशी म्हणून मला मिळणार नाही, तर तिलाही नको?

संध्याकाळी राहवेना. फोन करून सगळं सांगितलं, हेवा वाटला हेसुद्धा.

ती म्हणाली, "पुढच्या शुक्रवारी उशी लावून बघू. मला शिकवशील?"

"इन्शाल्ला," मी इथल्यासारखं मोघम म्हटलं.

"तुझं इन्शाल्ला नको मला. हो म्हण."

हो म्हटलं.