एकवीस सह्यांचा चेंडू

महाल, नागपूर
दसऱ्यानंतरचा चौथा दिवस

चि. गुंजन,

तुझ्या दोन्ही गुडघ्यांना (उजव्याला जरा जास्त) भैयाजीमामाचे अनेक आशीर्वाद. इकडे सारे खुशाल. तुझी प्रेमलतामामी तर गरजेपेक्षा जास्त. पाचवीपर्यंत तू महालातल्याच शाळेत होतीस, म्हणून मराठीत लिहितो. मेलबर्नला राहून काही शब्द विसरली असशील तर आईला विचार, पण कंसातलं तिला दाखवू नकोस.

तिसऱ्या ऑपरेशननंतर तू खेळ सोडतेस हे फोनवर ऐकलं आणि फार वाईट वाटलं. त्या दिवशी दुकानात धने मागणाऱ्याला मी जिरं दिलं. नऊ वर्षं तुझे ऑस्ट्रेलियन फुटबॉलचे सामने मी दुकान उघडण्याआधी मोबाइलवर पाहत आलो. तो लांबट चेंडू, ते चार खांब, दुसरीच्या खांद्यावर चढून झेल घेणाऱ्या मुली... पहिल्यांदा वाटलं, तुमच्या गावात दंगल झाली. पण मधल्या दोन खांबांतून चेंडू मारला तर सहा गुण, आणि नेम चुकून बाजूच्या खांबांमधून गेला तरी एक गुण, हे तू समजावलंस तेव्हा मी या खेळाच्या प्रेमातच पडलो. चुकणाऱ्यालाही गुण देणारं दुसरं काही मी आजवर पाहिलेलं नाही (मामीने पस्तीस वर्षांत अर्धासुद्धा दिला नाही).

आता तुझ्या निरोप समारंभासाठी क्लबला तो चेंडू काचेच्या पेटीत ठेवायचाय म्हणालीस. तू जिंकलेल्या पहिल्या सामन्याचा, संघातल्या एकवीस जणींच्या सह्यांचा, जो तू मला मोठ्या विश्वासाने पाठवला होतास. चेंडू अगदी सुखरूप आहे. नऊ वर्षं तो भिवापुरी मिरचीच्या पोत्यावर, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असा मांडून ठेवलाय. मिरची न घेणाऱ्यालाही मी तुझी कारकीर्द सांगितल्याशिवाय सोडत नाही.

दसऱ्याला आपण ज्याच्यावर पोट चालतं त्या अवजारांची पूजा करतो, हे तू विसरली नसशील. दरवर्षी माझा तराजू, मापं आणि स्कूटर असते. यंदा म्हटलं, पोरीचं अवजारही पाटावर बसवू, गुडघ्याला तेवढाच आराम पडेल. पूजेआधी अवजारं स्वच्छ हवीत, म्हणून मामीने तराजूच्या पितळी पारड्यांबरोबर चेंडूही चिंच-मीठ लावून काथ्याने घासला. काय चकाकला म्हणून सांगू! मी कपाळावर हात मारला, तर म्हणते, "मले का मालूम जी? तुमीच तं म्हनलं, सारी अवजारं घासून ठेव!"

तरी सह्यांची काळजी करू नकोस. चेंडूवर आजही पुऱ्या एकवीस सह्या आहेत. वाटल्यास मोजून घे.

तुझा,
भैयाजीमामा

ता. क. १ : मोजून घे, पण वाचू नकोस. जुन्या सह्या चिंचेबरोबर मोरीत गेल्या. त्या परदेशी मुलींची नावं मला कुठली लिहिता येतात? म्हणून गल्लीतल्या एकवीस मुली गोळा करून त्यांच्याच सह्या घेतल्या. तुझ्या सहीच्या जागी 'मिनल, इयत्ता सातवी ब' असं आहे.

ता. क. २ : सह्या झाल्यावर मुली घरी गेल्या नाहीत, चेंडू घेऊन थेट मैदानावर गेल्या. आता रोज सकाळी खेळतात. नियम मी सांगतो (निम्मे माझेच). काल मिनल म्हणाली, "मामाजी, ताई काहून नाही येऊन राहिली? शिकवाले गुडघा कायले लागते?" प्रश्न जसाच्या तसा तुला पाठवतोय.

ता. क. ३ : तेव्हा चेंडू पोस्टाने पाठवत नाही. तू स्वतः ये आणि या एकवीस जणींच्या हातून काढून घेता आला तर घे. क्लबला खरं काय ते सांग, माझ्यावर हवं तेवढं रागाव. सहा गुण मागायला मला तोंड नाही, पण बाजूच्या खांबांमधला तो एक तेवढा मामाला दे.